दाढ, अँटिबायोटिक आणि दोन पेनकिलर : पाच दिवस वापरून लिहिलेला रिव्ह्यू

गोळ्यांचा कसला रिव्ह्यू लिहितेस, असं नवरा म्हणाला. मिक्सरचा लिहितात, चपलांचा लिहितात, गादीवर एक रात्र झोपून चार परिच्छेद लिहितात लोकं, मग जी गोष्ट मी पाच दिवस घड्याळ लावून पोटात घातली तिच्याबद्दल का नाही लिहायचं? आणि खरं सांगायचं तर हे सगळं मलाच तेव्हा वाचायला हवं होतं, रात्री दोन वाजता, एका हातात गाल आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून बसले होते तेव्हा.

तर रिव्ह्यू दोन गोळ्यांचा आहे. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. दोन्ही चिठ्ठीशिवाय मिळतात, दोन्ही मी अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना घेतल्या. मधेच एक तिसरी गोळी येते, सर्दीची, तिच्यामुळेच खरं तर लिहायला बसले. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाहीये कारण आतलं औषध तेच असतं, पाकिटाचा रंग वेगळा. आणि मी डॉक्टर नाही, जे लिहितेय ते नंतर दोन डॉक्टरांना आणि एका फार्मासिस्टला पिडून पिडून विचारलेलं आहे.

झालं असं की खालची उजवी दाढ ठणकायला लागली, दोन दिवसांत गाल सुजला, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. डेंटिस्ट म्हणाले आत पस आहे पण आत्ता नीट उघडून काम करता येणार नाही, थोडी सूज उतरू दे, आणि अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल असा पाच दिवसांचा कोर्स लिहून दिला, चौथ्या दिवशी या म्हणाले. गळ्याखाली सूज आली, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास झाला तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल, हेही सांगितलं. इथपर्यंत उत्तम. मग मी दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, "आणि दुखलं तर एखादी पेनकिलर घ्या."

एखादी म्हणजे कुठली? किती? अँटिबायोटिकच्या आधी की नंतर? हा प्रश्न दाराशी उभं राहून विचारायचा असतो हे मला घरी येऊन कळलं. घरात औषधांचा एक डबा असतो ना, ज्यात तीन वर्षांपूर्वीच्या अर्ध्या स्ट्रिपा असतात, तो उघडून बसले.

पहिला प्रश्न सगळ्यांनाच पडतो, की अँटिबायोटिक आणि पेनकिलर एकत्र घेतली तर अँटिबायोटिकचा असर कमी होतो का. आमच्याकडे तर ठाम समज होता की दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवायचंच. तसं काही नाही. अमॉक्सिसिलिन जंतूंवर काम करतं आणि बरंचसं आहे तसंच लघवीवाटे किडनीतून बाहेर पडतं, पॅरासिटामॉल लिव्हरमध्ये मोडतं, दोघांची वाट एकमेकांना आडवी जात नाही. एकाच घोटाबरोबर घेतलं तरी चालतं. नेहमीची जी अँटिबायोटिकं असतात, अमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिनवाली, अझिथ्रोमायसिन, त्यांच्याबरोबर निरोगी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल बिनधास्त चालतं. आयबुप्रोफेनही यांच्याबरोबर चालतं, पण त्याची स्वतःची वेगळी पथ्यं आहेत, ती पुढे सांगते. आणि एक, अँटिबायोटिक स्वतः दुखणं थांबवत नाही. जंतू मरायला, सूज उतरायला एक-दोन दिवस जातात, तेवढे दिवस ठणका सहन करायचा तर पेनकिलर लागतेच, त्यात काही पाप नाही.

आता पॅरासिटामॉल. साडेचार स्टार. सरळमार्गी गोळी आहे. रिकाम्या पोटी घेतली तरी आतडी जळत नाहीत, अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू, ताप असेल तर तोही उतरतो, चार ते सहा तास टिकते. मोठ्या माणसाने एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, आणि २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम, हा वरचा आकडा. पण हा आकडा टार्गेट समजायचा नाही. वजन ५० किलोच्या खाली असेल, लिव्हरचा त्रास असेल, रोज दारू पिण्याची सवय असेल किंवा आजारपणात चार-चार दिवस धड पोटात काही गेलं नसेल तर हात आखडताच घ्यायचा आणि आपला आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचा. अर्धा स्टार कापला कारण माझ्या दाढेला ती एकटी पुरली नाही. ठणका दहावरून सहावर आणायची, पुढे हलायची नाही. सूज हा तिचा प्रांतच नाही फारसा.

आणि मग तिसरी गोळी. दुसऱ्या दिवशी वरून सर्दी झाली, म्हणतात ना दुष्काळात तेरावा महिना, नाक बंद, डोकं जड, तर डब्यातली सर्दीची गोळी काढली. पॅरासिटामॉल तेव्हा ६५० ची घेत होते, दिवसातून चार वेळा. सर्दीची तीन वेळा घेतली. रात्री झोपताना सहज, खरंच सहज, स्ट्रिप उलटी केली आणि मागच्या चांदीवर जिथून मी आधीच दोन गोळ्या फोडून काढल्या होत्या तिथे फाटलेल्या कागदाच्या कडेला "...टामॉल ५००" एवढंच शिल्लक दिसलं. बाकीचं नाव गोळीबरोबर कचऱ्यात गेलेलं. पूर्ण नाव शोधायला स्ट्रिपचं दुसरं टोक उजेडात धरावं लागलं. पॅरासिटामॉल ५००, त्याच्याखाली नाक मोकळं करणारं काहीतरी, त्याच्याखाली अ‍ॅलर्जीचं काहीतरी.

हिशोब करून बघा. ६५० चोक २६००. ५०० त्रिक १५००. झाले ४१००. मी, जी घरात सगळ्यांना औषधं वेळेवर देते, ती एका दिवसात मर्यादा ओलांडून बसले होते आणि मला पत्ताच नव्हता. समोर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात फक्त सर्दी, अंगदुखी, ताप एवढं, आणि एक हसरा चेहरा. म्हणून त्या गोळीला एक स्टार. गोळी वाईट आहे असं नाही, नाक मोकळं झालंच माझं. पण आतलं नाव पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापायला काय जातं यांचं.

रात्रीच फॅमिली डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वजन विचारलं, दिवसभरात केव्हा केव्हा किती घेतल्या ते विचारलं, लिव्हरचं काही, दारू वगैरे विचारलं, मग म्हणाले एवढ्याने काही होणार नाही, आता उद्या सकाळपर्यंत पॅरासिटामॉल बंद, सर्दीची गोळी कायमची बंद. जिवात जीव आला. पण मग त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी वाचावं म्हणून इथे लिहिते.

पॅरासिटामॉल जास्त झालं की लगेच काही कळत नाही. हाच त्याचा धोका. लिव्हर नेहमीच्या डोसातलं बहुतेक औषध सरळ मार्गाने निकालात काढतं, थोडासा भाग एका विषारी पदार्थात बदलतो आणि तो निष्प्रभ करायला लिव्हरकडे ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. डोस प्रमाणाबाहेर गेला की तो साठा संपतो आणि ते विष लिव्हरच्या पेशींवर चालून जातं. पण पहिल्या २४ तासांत माणसाला फार तर मळमळ, उलटी, थोडा थकवा, कधी कधी काहीच नाही. लिव्हर खराब झाल्याची लक्षणं एक ते तीन दिवसांनी दिसतात. याच्यावर उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा, आणि तो उत्तम काम करतो पण लवकर मिळाला तर, पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगलं. म्हणजे चुकून बऱ्याच गोळ्या गेल्या असतील तर "बघू, काही वाटलं तर जाऊ" हे चालत नाही. काही वाटत नसतानाच जायचं. आणि माझ्यासारखं थोडं थोडं रोज जास्त घेणं, चार-पाच दिवस, तेही लिव्हरला झेपतंच असं नाही.

त्या रात्रीपासून फ्रिजच्या दारावर एक कागद. वेळ, गोळीचं आतलं नाव, मिलिग्रॅम. तीनच रकाने. आणि नवीन स्ट्रिप फोडायची ती नाव छापलेल्या टोकाच्या उलट बाजूने.

आता आयबुप्रोफेन. माझ्या दाढेपुरते पाच स्टार, सगळ्यांसाठी साडेतीन. हा फरक का ते समजून घ्या. ही गोळी १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली, तिथे १९६९ ला डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळायला लागली आणि १९८३ ला चिठ्ठीशिवाय. अ‍ॅडम्सनी म्हणे एका भाषणाआधी स्वतःचा हँगओव्हर उतरवायला घेऊन बघितली होती, शास्त्रज्ञ असावा तर असा. ही शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स बनू देत नाही, जी दुखणं, ताप आणि सूज तिन्ही वाढवतात. म्हणून जिथे सूज आहे, दात, हिरडी, लचक, तिथे ही पॅरासिटामॉलपेक्षा वरचढ. दातदुखीत तर अशाच प्रकारची गोळी, एकटी किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने, पहिली पसंती समजली जाते, अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही तसंच आहे. मी तिसऱ्या दिवशी, डॉक्टरांना विचारून, ४०० ची आयबुप्रोफेन आणि ५०० ची पॅरासिटामॉल एकत्र घेतली आणि तीन रात्रींनंतर पहिल्यांदा सलग पाच तास झोपले. दोघींची काम करायची पद्धत वेगळी, म्हणून जोडी चालते. पण आयबुप्रोफेनबरोबर डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन किंवा अ‍ॅस्पिरिन, ही जोडी नाही चालत, ती एकाच घरातली भावंडं आहेत, गुण वाढत नाहीत आणि पोटातून रक्त जायचा धोका मात्र वाढतो.

चिठ्ठीशिवाय घ्यायची तर २०० ते ४०० चा डोस, सहा ते आठ तासांनी, दिवसाला जास्तीत जास्त १२०० मिलिग्रॅम, काहीतरी खाऊन, आणि लागतील तेवढेच दिवस. तीच प्रोस्टाग्लँडिन्स पोटाचं अस्तर सांभाळतात आणि किडनीचा रक्तपुरवठाही, त्यामुळे ती दाबली की ही दोन्ही ठिकाणं उघडी पडतात. अल्सर झालेला असेल, किडनीचा आजार, हृदयाचा आजार, पेनकिलरने दमा उसळत असेल, गरोदरपणाचे २० आठवडे उलटले असतील, तर ही गोळी डब्यातून काढून आपली आपण घ्यायची नाही. हृदयासाठी रोज लहान अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांनी तर आधी विचारायचंच, कारण आयबुप्रोफेन त्या अ‍ॅस्पिरिनची जागाच अडवते आणि तिचा रक्त पातळ ठेवण्याचा उपयोग कमी होतो. बीपीची गोळी आणि वर लघवीची गोळी घेणाऱ्यांनीही, कारण त्या दोन्हींवर ही तिसरी आली की किडनीला सरळ मार पडतो.

आणि डेंग्यू असेल अशी शंका असलेल्या तापात आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन दोन्ही नको, रक्तस्रावाचा धोका असतो, तिथे पॅरासिटामॉलच. अर्थात डेंग्यूला अँटिबायोटिकही लागत नाही, तो व्हायरस आहे, पण ताप कशाचा ते कळायच्या आतच लोकं दोन्ही सुरू करतात म्हणून सांगितलं.

आता मुद्द्याचं, आयबुप्रोफेन आणि कुठलं अँटिबायोटिक. माझं अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल होतं, त्यांच्याशी तिचं भांडण नाही, फक्त पोट तिघांनी मिळून खराब केलं. मेट्रोनिडाझोलने तोंडाला जी धातूची चव येते, सतत नाणं चोखल्यासारखी, तिच्यावर कुठल्याच पेनकिलरचा उपाय नाही, आणि त्याच्यावर दारू चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहेच. पण सगळी अँटिबायोटिकं अशी गुण्यागोविंदाने राहत नाहीत. "अँटिबायोटिक चालू आहे, पेनकिलर चालेल का" हा प्रश्नच अर्धा आहे, नाव सांगितल्याशिवाय त्याचं उत्तर कोणी देऊ नये आणि दिलं तर घेऊ नये.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही जी शेवटी फ्लॉक्सासिन असलेली मंडळी आहेत, लघवीच्या, पोटाच्या, छातीच्या इन्फेक्शनला देतात, त्यांच्याबरोबर आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली तर मेंदूतल्या पेशी जरा जास्त उत्तेजित होऊ शकतात आणि फिट यायचा धोका वाढतो. सगळ्यांना येते असं नाही, क्वचितच, पण ज्यांना आधी कधी फिट आली आहे किंवा वय जास्त, किडनी कमकुवत, त्यांनी लांबच राहावं. तिथे पॅरासिटामॉल बरं.

याच औषधाची दुसरी गोष्ट मला बाबांमुळे कळली, दाढेच्या आधीच्या वर्षी. बाबा ७१ चे, छातीच्या इन्फेक्शनला लेव्होफ्लॉक्सासिन चालू होतं. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाले टाच दुखतेय, मागून, जिन्यावर पाय टाकला की. आम्ही काय म्हणणार, वय झालं, चालणं जास्त झालं असेल. बाबांनी पेनकिलरचं जेल चोळलं, वर एक पॅरासिटामॉल घेतली, बरं वाटलं, संध्याकाळी परत फिरायला निघाले. नशीब की त्याच दिवशी डॉक्टरांकडे दाखवायला जायचं होतं. बाबा म्हणाले, "खोकला कमी आहे डॉक्टर, फक्त टाचेला काहीतरी लिहून द्या." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खाली वाकले, टाचेच्या वरची ती जाड दोरी असते ना, ती दोन बोटांत धरली आणि बाबा ओरडलेच. गोळी तिथल्या तिथे बंद केली, दुसरं अँटिबायोटिक दिलं, दोन आठवडे पाय जपायला सांगितला. या औषधांनी स्नायूबंधाला सूज येऊ शकते, तो तुटूही शकतो, टाचेचा सगळ्यात जास्त, आणि साठीच्या पुढच्यांना आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. तर फ्लॉक्सासिन चालू असताना टाच, खांदा, कोपर असं कुठे नवीन दुखायला लागलं तर ते पेनकिलरने दाबायचं दुखणं नाही, ते डॉक्टरला फोन करायचं दुखणं आहे. बाबांचं जेल अजून कपाटात आहे, त्याला रिव्ह्यूत शून्य स्टार देणार होते पण त्याचा काय दोष, त्याने त्याचं काम चोख केलं.

कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे ते सल्फावालं, त्याच्याबरोबर आयबुप्रोफेन चार दिवस घेतली तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं आणि किडनीवर ताण येतो, त्यातून बीपीची एखादी ठरावीक गोळी चालू असेल तर अजूनच. जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं स्वतःच किडनीला जड, त्यांच्यावर आयबुप्रोफेन म्हणजे आगीत तेल. लिनेझोलिड चालू असेल तर गंमत उलटी, तिथे साधी पेनकिलर चालते पण सर्दी-खोकल्याच्या मिश्र गोळ्या-सिरप नकोत, नाक मोकळं करणाऱ्या औषधाने बीपी चढू शकतं आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन नावाच्या खोकल्याच्या औषधाशी तर ते गंभीर भांडतं. परत तीच सर्दीची गोळी बघा, जिथे तिथे कडमडते.

वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, घेणाऱ्यांचं वेगळंच. मेट्रोनिडाझोल आणि कोट्रायमॉक्साझोल दोन्ही वॉरफरिनचा असर वाढवतात, वर आयबुप्रोफेन घेतली तर रक्तस्रावाला आमंत्रणच, आणि पॅरासिटामॉलसुद्धा रोज भरपूर घेतलं तर थोडाफार फरक पाडतं. त्यांनी कोर्स सुरू करतानाच रक्ताची तपासणी केव्हा करायची ते विचारून घ्यावं.

बरं पॅरासिटामॉल तरी सगळीकडे निर्धास्त का, तर नाही. टीबीच्या औषधांत आयसोनियाझिड असतं, रिफॅम्पिसिन असतं, ती आधीच लिव्हरला कामाला लावतात, त्यात पॅरासिटामॉलचा भरपूर डोस म्हणजे लिव्हरची दुहेरी परीक्षा. फ्लुक्लॉक्सासिलिन नावाचं एक पेनिसिलिन आहे, ते आणि पॅरासिटामॉल बरेच दिवस एकत्र चाललं तर क्वचित, म्हणजे खूप आजारी, कुपोषित किंवा किडनी खराब असलेल्या माणसात, रक्तात आम्ल साचतं. घरात बसलेल्या धडधाकट माणसाने याने घाबरून जायचं कारण नाही, पण वयस्कर आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला माहीत असावं.

अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं कोणी सांगतच नाही. आयबुप्रोफेनने जळजळ होते म्हणून लोकं वर पांढरं अ‍ॅसिडिटीचं सिरप घेतात, त्यात मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम असतं, आणि ते डॉक्सीसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनला पोटातच धरून ठेवतं, रक्तात जाऊच देत नाही. म्हणजे अँटिबायोटिकचा असर पेनकिलरने कमी होत नाही, पेनकिलरसाठी घेतलेल्या अ‍ॅसिडिटीच्या औषधाने होतो! अंतर ठेवायचं ते इथे, काही तासांचं. मी दोन तासांचा नियम चुकीच्या जोडीला लावत होते इतकी वर्षं. डॉक्सीसायक्लिनचं अजून एक, ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून ती जाळतं. आयबुप्रोफेनही तेच करू शकते, तेव्हा रात्री झोपताना घोटभर पाण्यात दोन्ही ढकलून लगेच उशीवर डोकं टेकवणं बंद.

लहान मुलांबद्दल फार लिहीत नाही, माझा तो विषय नाही. डोस वजनावर, मोजायचा बाटलीबरोबर आलेल्या मापाने, घरातल्या चमच्याने नाही, आणि अ‍ॅस्पिरिन १६ वर्षांखाली नाही. कांजिण्यांत आयबुप्रोफेनही नको.

एक सहसा न सुचणारी गोष्ट फार्मासिस्टने सांगितली ती आवडली. नवीन अँटिबायोटिक आणि आयुष्यात कधी न घेतलेली पेनकिलर एकाच दिवशी सुरू केली आणि अंगावर पुरळ उठलं तर दोषी कोण ते कळत नाही, आणि मग उगाच आयुष्यभर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असा शिक्का कपाळी बसतो. तेव्हा पूर्वी घेतलेली, पचलेली पेनकिलरच निवडावी. ओठ-जीभ सुजली, धाप लागली तर मात्र हा तपास नंतर, आधी हॉस्पिटल. आणि अँटिबायोटिकने जुलाब लागले असतील, अंगातलं पाणी कमी झालं असेल, त्या दिवसांत आयबुप्रोफेन बंद ठेवायची, किडनी कोरडी पडलेली असते. मला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन-तीनदा जावं लागलं तेव्हा मी परत पॅरासिटामॉलवर आले. रक्त पडलं किंवा जुलाब थांबेचनात तर ते अँटिबायोटिक देणाऱ्याला कळवायचं.

पॅकिंगबद्दल थोडं. आयबुप्रोफेनची गोळी गुळगुळीत, साखरेचं आवरण, सुजलेल्या तोंडातही सरकन गेली. पॅरासिटामॉल ६५० म्हणजे खडूचा तुकडा, जिभेला लागली की संपलं. पाण्यात विरघळणारी मिळते, गिळायला सोपी, पण तिच्यात सोडियम भरपूर असतं, बीपीवाल्यांनी रोज रोज घेऊ नये.

चौथ्या दिवशी सकाळी गाल जवळपास सपाट. ठणका गायब. मी आरशात बघून नवऱ्याला म्हणाले, बरी झाले की, आता कशाला तो रूट कॅनाल. अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या शिल्लक होत्या, त्याही सोडून द्याव्यात की काय असा विचार मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. तरी अपॉइंटमेंट होती म्हणून गेले. जाताना वाटेत दुखायला नको म्हणून आयबुप्रोफेन घेऊनच निघाले.

"आता काही दुखत नाही डॉक्टर."

"शेवटची पेनकिलर कधी घेतलीत?"

"आत्ता, निघताना."

ते हसले. म्हणाले, मग तुमच्या दाढेला मी काय विचारू, ती शुद्धीवर कुठे आहे. एक्सरेत दोन दाढांच्या मुळाशी सावली दिसत होती आणि नक्की कुठली उघडायची ते ठोकून बघितल्याशिवाय, गार लावून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि पेनकिलर पोटात असताना त्या टेस्टवर भरवसा ठेवता येत नाही. अँटिबायोटिकने सूज उतरवली, पेनकिलरने दुखणं झाकलं, आतला पस आहे तिथेच आहे, म्हणाले. गोळ्या चालू ठेवा, उद्या सकाळी पेनकिलर न घेता या.

ती रात्र काढली कशीबशी. सकाळी फ्रिजवरच्या कागदावर वेळेचा रकाना पहिल्यांदा रिकामा ठेवला आणि निघाले. खुर्चीत बसले, त्यांनी आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकायला सुरुवात केली. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरी ती दाढ जिच्यावर मी इतके दिवस बोट ठेवून सांगत होते, किंचित. चौथ्या टकटकीला माझे दोन्ही पाय खुर्चीवरून वर उचलले गेले. मी दाखवत होते ती नव्हतीच, तिच्या मागची होती.